पुस्तकाचं वेबिल

"बाई, हे बोलणं ऐकलं कुणी?"

वाचनालयाच्या देवघेवीच्या खिडकीशी उभं राहून मास्तरांनी हा प्रश्न विचारला, त्याला आता नऊ वर्षं झाली. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते एसटीत कंडक्टर होते, आणि आमच्या भागात कंडक्टरला मास्तर म्हणायची रीत आहे. एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात अनामत भरून आमचे सभासद झाले. शाळेत शिकवायचे ती मी, म्हणून ते मला बाई म्हणतात. त्या दिवशी त्यांच्या हातात गुळगुळीत कागदाचं, जाडजूड, इतिहासाचं पुस्तक होतं. मध्ये बोट घालून पान धरून ठेवलेलं. त्या पानावर एक खलबत रंगलं होतं. मध्यरात्र, किल्ल्यावरची बंद खोली, समईचा उजेड, दोनच माणसं आणि दीड पान भरून त्यांचं बोलणं. पुढच्याच प्रकरणात त्यातला एक लढाईत पडतो आणि दुसरा महिन्याभरात जातो.

"खोली बंद. दोघंच होते, दोघंही गेले. मग लिहिणाऱ्याला सांगितलं कुणी?"

ते पुस्तक मी निवडलेलं होतं. आमचं वाचनालय तालुक्याचं, सातारा जिल्ह्यातलं, आणि ग्रंथनिवड समितीत मी तेव्हा नवी होते. मुखपृष्ठ देखणं होतं. मलपृष्ठावर 'दडवलेला इतिहास प्रथमच उजेडात' असं छापलं होतं. विक्रेता सवलत चांगली देत होता आणि मार्चअखेरीच्या आत अनुदान खर्ची घालायचं होतं. मी ते उघडून चार ओळीसुद्धा नीट वाचल्या नव्हत्या. मास्तरांना त्या दिवशी काहीतरी थातुरमातुर सांगितलं आणि रात्री पुस्तक घरी नेऊन वाचलं. पाचशेवर पानं. शेवटी 'संदर्भ' म्हणून एका पानावर नऊ पुस्तकांची नावं, त्यातल्या चार कादंबऱ्या. कुठली गोष्ट कुठून घेतली याचा कुठेही पत्ता नाही. मागच्या चिठ्ठीवरच्या तारखा मोजल्या तर माझ्याआधी तेवीस जणांनी ते नेलेलं होतं. त्यात शाळेतली मुलंही असणार. ती मुलं तो संवाद इतिहास म्हणून कुठेतरी बोलून दाखवत असतील, हे मनात आलं आणि फार लागलं. अजून लागतं.

कादंबरीशी माझं वाकडं नाही. ऐतिहासिक कादंबरीनेच मला लहानपणी इतिहासाकडे ओढलं, आणि आमच्या कपाटात तिला मानाची जागा आहे. पण तिची जागा साहित्याच्या कपाटात. कादंबरीकार पहिल्या पानावरच सांगतो की मी कादंबरी लिहितो आहे. तिथे बंद खोलीतलं बोलणं लिहिण्याचा त्याला पुरा हक्क आहे. इतिहास म्हणून लिहिणाऱ्याला तो नाही.

पुढे एकदा मास्तरांनी मला वेबिल समजावून सांगितलं. तिकिटाचं यंत्र येण्याआधीची गोष्ट. कंडक्टरच्या ट्रेमध्ये वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांचे गठ्ठे असायचे. फेरी सुरू होताना प्रत्येक गठ्ठ्याचा नंबर वेबिलावर लिहायचा, वाटेत टप्प्याटप्प्याला पुढचे नंबर टिपायचे. मध्येच तपासनीस चढला की तो गाडीतली माणसं मोजायचा, त्यांच्या हातातली तिकिटं बघायचा आणि वेबिलाशी ताडायचा. "नंबर जुळले नाहीत म्हणून माणूस चोर ठरतोच असं नाही," मास्तर म्हणाले, "पण मग त्याचं बोलणं कुणी धरत नाही." तेव्हापासून तळटीप म्हटली की मला वेबिलावरचा नंबर दिसतो. लेखकाने हे वाक्य कुठल्या गठ्ठ्यातून फाडलं, ते त्याने टिपून ठेवलेलं हवं. मी ताडून बघेनच असं नाही. बघायचं ठरवलं तर बघता आलं पाहिजे.

म्हणून इतिहासाचं पुस्तक मी आता मागून उघडते. संदर्भसूची, मग शब्दसूची, मग प्रस्तावना. सूची असणं म्हणजे कुणीतरी ते पुस्तक दुसऱ्याला शोधता यावं म्हणून कष्ट घेतले आहेत. प्रस्तावनेत मी एकच गोष्ट हुडकते: लेखकाला काय मिळालं नाही, ते त्याने लिहिलंय का. कागद मिळाले नाहीत, फारसी येत नव्हती म्हणून दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबलो, अमुक दोन साधनं एकमेकांशी जुळत नाहीत, अशी एखादी कबुली दिसली की पुस्तक हातातून खाली ठेवावंसं वाटत नाही.

मग एक परीक्षा घेते, आणि ती कुणालाही घेता येईल. आपल्याला नीट माहीत असलेल्या गावाचं पान काढायचं. माझ्यासाठी ते मेणवली. कृष्णेकाठचा नाना फडणिसांचा वाडा आणि घाटावर टांगलेली ती मोठी घंटा मी लहानपणापासून पाहिली आहे. ती घंटा चर्चची, १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यानंतर तिकडून आलेली. मेणवलीबद्दल दोनच ओळी असल्या तरी चालतात. त्या दोन ओळींवरून लेखक नदीकाठी उभा राहिला होता की दुसऱ्याच्या पुस्तकातून उतरून घेत होता, हे कळतं. आपल्या गावाच्या पानावर जो चुकतो, त्याच्यावर मी दूरच्या गावांसाठी तरी कसा विश्वास ठेवू?

शिवाजी महाराजांच्या चरित्रांना लावायची कसोटी आणखी सोपी आहे. जन्मतिथीचं पान उघडायचं. पूर्वी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७, ही तिथी सर्रास सांगितली जायची. मग लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची तारीखवार नोंदींची यादी, उजेडात आणली आणि फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी पुढे आली. महाराजांच्याच काळातल्या परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यातही तीच मिळाली. आज सरकारी जयंती त्याच दिवशी असते. चांगल्या चरित्रात या सगळ्याला निदान एक परिच्छेद असतो: आधी काय मानत होते, का मानत होते, कुठला कागद निघाला आणि तो जास्त भरवशाचा का. तारीख नुसती ठोकून देणारा लेखक पुढे इतर गोष्टीही तशाच ठोकून देतो, असा माझा अनुभव आहे. जुन्या तिथीची आठवण काढली म्हणून रागावणारा लेखक तर मला मुळीच नको.

समितीत कुणी म्हणतं, लोकांना साधनग्रंथ, म्हणजे जुन्या कागदपत्रांचे संग्रह, कोण वाचायला लावणार, ते संशोधकांचं काम. मीही असंच समजत होते. मग इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड मास्तरांच्या हाती दिला. पुढे बावीस खंड झाले, त्यातला हा पहिला १८९८चा, आणि त्यातली पत्रं १७५० ते १७६१ या काळातली. म्हणजे पानिपतापर्यंतची. त्या कागदांचं घबाड राजवाड्यांना मिळालं ते आमच्या शेजारच्या वाईला. मास्तरांनी पहिल्या दिवशी तक्रार केली की भाषा अवघड आहे. तिसऱ्या आठवड्यात आले ते वेगळाच चेहरा घेऊन. सदाशिवरावभाऊंची पेशव्यांचे उत्तरेतले कारभारी गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेली पत्रं त्यांनी वाचली होती. पैसा पाठवा, नावा जमवा, यमुना उतरायची आहे. आणि यमुनेला पूर. "बाई, पानिपत म्हटलं की आम्हाला तलवारी दिसायच्या. हा माणूस महिनोन् महिने नावा आणि रोकड मागतोय." पुढे इतिहासकार शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' त्यांनी सलग दोनदा नेलं. पत्रं आधी वाचलेली असल्यामुळे शेजवलकर कुठल्या ओळीवर बोट ठेवून बोलताहेत ते त्यांना दिसत होतं, आणि एका ठिकाणी तर मास्तरांचं त्यांच्याशी पटलं नाही. सातवी शिकलेला माणूस शेजवलकरांशी वाद घालतो आहे आणि वादासाठी पत्राचा पुरावा देतो आहे, याहून वाचनालयाने आणखी काय करायचं असतं?

ग्रँट डफचं पुस्तक ठेवावं की नाही, यावरही आमच्याकडे एकदा बरीच बोलाचाली झाली. तो साताऱ्याला कंपनी सरकारचा अधिकारी होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली निघाला. जिंकणाऱ्याच्या नजरेने लिहिलेला आहे, यात वादच नाही. पण १८६७ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने या पुण्यातल्या विद्यार्थ्याने त्याच्यावर टीका केली ती तो पानापानाने वाचून. ते पुस्तकच नसतं तर कीर्तन्यांनी उत्तर कशाला दिलं असतं? मी म्हटलं, दोन्ही शेजारीशेजारी ठेवा. ठेवली.

पण एकच पुस्तक घेण्याची मुभा असती तर मी यातलं एकही घेतलं नसतं. मी विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास' घेतलं असतं.

पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक. घरावर कर्ज. उत्तरेत ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळेल, असं कानावर येतं आणि काकाला बरोबर घेऊन तो १८५७ साली घराबाहेर पडतो. निघताना त्याच्या डोक्यात फक्त दक्षिणा आणि गंगा. महूच्या आसपास शिपाई भेटतात आणि पुढे काय पेटणार आहे ते सांगतात. परत फिरायचं की पुढे जायचं? तो पुढे जातो. ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट, काशी. झाशीत तर तो वेढ्याच्या आतच अडकतो. १८५८च्या एप्रिलमध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजची फौज शहरात शिरली तेव्हा हा आत होता. लपला, लुटला गेला, माणसं मरताना पाहिली. मिळवलेली दक्षिणा वाटेत पुन्हा पुन्हा गेली. शेवटी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन तो घरी पोहोचला. झाशीच्या वाड्यातला मोठा ग्रंथसंग्रह लुटीत उद्ध्वस्त झाला, त्याची त्याला वाटलेली हळहळ मी जेव्हा वाचते तेव्हा आमच्या वाचनालयाची कपाटं डोळ्यांपुढे येतात. लाखोंची लूट सांगणारा हा माणूस पोथ्यांपाशी थबकतो.

हे पुस्तक इतिहासाचं की प्रवासाचं? आमच्या कपाटांना दशांश वर्गीकरणाचे आकडे आहेत. त्यात नऊशेचा वर्ग इतिहास आणि भूगोल या दोघांचा मिळून आहे. नऊशेदहाला प्रवास, नऊशेतीसपासून पुढे इतिहास, नऊशेचोपन्नला आपला देश. पहिल्यांदा शिकले तेव्हा हे मला अजब वाटलं होतं. गोडशांना वाचल्यावर वाटलं, ज्याने हे दोघं एका फळीवर ठेवले त्याला काहीतरी नक्की कळलं होतं.

तरीही मास्तरांचा प्रश्न गोडशांनाही विचारावा लागतो. हकीकत त्यांनी लिहून काढली १८८३च्या सुमाराला, म्हणजे पंचवीस वर्षांनी, आठवणीवर. डोळ्यांनी पाहिलेलं आणि वाटेत ऐकलेलं, दोन्ही त्यात मिसळलेलं आहे. झाशीतल्या गल्लीतलं लपणं आणि दूरच्या राजेरजवाड्यांच्या मसलती यांना एकच वजन देता येत नाही. वाचताना मी पेन्सिलीने समासात खूण करत गेले, 'पाहिलं' आणि 'ऐकलं'. (माझ्या स्वतःच्या प्रतीत, वाचनालयाच्या नव्हे.) त्या खुणांमुळे पुस्तक उणं झालं नाही. उलट १८५७ साली रस्त्यावरच्या माणसाच्या कानावर काय काय येत होतं, हेही त्यातून कळतं. अफवा हासुद्धा त्या काळाचा कागदच आहे, फक्त तो अफवा म्हणून वाचायचा.

आणि आवृत्ती. ही गोष्ट मला फार उशिरा समजली. गोडशांनी लिहिलं चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून. सरकारच्या धाकामुळे ते गोडशांच्या हयातीत छापलं गेलं नाही. वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलं तेव्हा त्यात काटछाट केली, भाषा सारखी केली, काही मजकूर बदलला. वर्षानुवर्षं मराठी माणसाने वाचलं ते हे. मूळ हस्तलिखित पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आलं आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी मूळ पाठ छापला तो १९६६ साली. म्हणजे लिहिल्यानंतर ऐंशीहून जास्त वर्षांनी विष्णुभट स्वतःच्या आवाजात बोलले. आमच्याकडे वैद्यांच्या पाठाची प्रत होती आणि मी तीच अस्सल समजून लोकांना देत होते. वैद्यांचे उपकार मोठेच, त्यांच्यावाचून हे लिहिलंच गेलं नसतं. पण तेव्हापासून जुनं पुस्तक विकत घेताना मी नावाआधी शीर्षकाच्या मागचं पान बघते: संपादक कोण, पाठ कुठला, संक्षिप्त आहे का, केव्हाचा आहे. बाजारात आज जुन्या पुस्तकांच्या स्वस्त प्रती भराभर निघतात आणि पुष्कळदा त्यावर यातलं काहीच नसतं. तशी प्रत पन्नास रुपयांना मिळाली तरी महाग.

प्रवासाच्या पुस्तकांचं कपाट सगळ्यात भरभर भरतं. आठ दिवसांत पाच देश, हॉटेलची न्याहारी, विमानतळावरचा उशीर. लिहिणाऱ्याचा आनंद खरा असतो, पण वाचणाऱ्याला त्या गावातला एकही माणूस भेटत नाही. मी विचारते ते हे: हा तिथे किती दिवस होता, कुणाशी बोलला, कुठल्या भाषेत, आणि जाताना डोक्यात जे होतं तेच घेऊन परत आला का.

पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या आणि १८८९ साली त्यांचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' निघालं. नावातच लोकस्थिती आधी आणि प्रवास मागून. राज्यकारभार कसा चालतो, शाळा कशा आहेत, बायका संस्था कशा काढतात आणि चालवतात, हे त्या एखाद्या घरच्या कारभारणीने दुसरीला सांगावं तसं सांगतात. त्या भारावलेल्या आहेत, पण त्यांचे डोळे उघडे आहेत. ज्या देशाचं कौतुक करायचं, त्याने काळ्या माणसांशी आणि मूळ रहिवाशांशी काय केलं तेही त्यांना दिसतं. बारावीतल्या एका मुलीने हे पुस्तक नेलं आणि परत करताना विचारलं, बाई, एकशे तीस वर्षांपूर्वी एक बाई एकटी गेली आणि हे सगळं बघून आली? तिच्या गावाहून कॉलेजला यायला तिला तेव्हा घरून परवानगी मिळत नव्हती.

आणि लांब जायलाच हवं असं कुठे आहे? इरावती कर्वे पंढरपूरला पायी गेल्या. 'परिपूर्ती'तला 'वाटचाल' हा लेख फार तर पंधरा-वीस पानांचा असेल. ज्ञानदेवांच्या पालखीबरोबर चालणाऱ्या दिंडीतल्या बायका, त्यांची गाणी, पाऊस, चिखल, मुक्काम. समाजशास्त्राच्या अभ्यासक बाई, पण त्या चालतात वारकऱ्यांतल्या एक होऊन. एकाच दिंडीत एकाच विठ्ठलाचं नाव घेणाऱ्या वेगवेगळ्या जातींच्या बायका जेवायला वेगळ्या बसतात, हे त्या लपवत नाहीत. ते त्यांना टोचतं, तेही लपवत नाहीत. आणि त्याच वाटेवर त्यांना महाराष्ट्राची व्याख्या सापडते: ज्या प्रदेशातली माणसं पंढरीला जातात तो महाराष्ट्र. वारी आमच्या जिल्ह्यातून जाते. लोणंदला, फलटणला पालखी आम्ही दर वर्षी बघतो. तरी हा लेख वाचेपर्यंत मी ती रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होते, एवढंच म्हणते.

अभ्यासाची पुस्तकं मागणारे आमच्याकडे सगळ्यात जास्त. स्पर्धा परीक्षेची मुलं अभ्यासिकेत पहाटेपासून रात्रीपर्यंत बसतात. स्मरणशक्ती कशी वाढवावी, वेळेचं नियोजन, यशाचे मंत्र, अशी पुस्तकं ती मागतात आणि आम्ही ठेवतोही, कारण त्यांची नड खरी आहे. पण त्या पुस्तकांत अभ्यास करणारा माणूस कुठे दिसत नाही. भुकेने, शंकेने, घरच्या ओढीने कासावीस होऊनही पुन्हा पोथीकडे वळणारा माणूस. तो हवा असेल तर मी धर्मानंद कोसंबींचं 'निवेदन' देते. १९२४ साली आलेलं हे आत्मकथन.

गोव्यातलं साखवाळ. शाळा फारशी नाही, घरची नारळाची बाग सांभाळायची. 'बालबोधमेवा' नावाच्या मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचायला मिळतं आणि त्या चार पानांनी या तरुणाला झपाटून टाकलं. बुद्धाचा धर्म नीट शिकायचा, हे एवढंच ठरवून तो १८९९च्या अखेरीस घर सोडतो. पुण्याला रा. गो. भांडारकरांना भेटतो. संस्कृत आधी शिकायला हवं म्हणून ग्वाल्हेरमार्गे काशीला जातो, अन्नछत्रात जेवून शास्त्र्यांकडे शिकतो. बुद्धाचा देश म्हणून कष्ट काढून नेपाळात जातो आणि जे शोधायला गेला ते तिथे सापडत नाही. बुद्धगयेत कुणी सांगतं की पाली शिकायची तर सिंहलद्वीपाला जा. म्हणून तिथे. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली तो अखेर मूळ ग्रंथ वाचू लागतो. मग ब्रह्मदेश. पुढे हार्वर्डपर्यंत.

यातली प्रत्येक वाट एका पुस्तकाच्या शोधात चाललेली आहे. इतिहास, अभ्यास आणि प्रवास हे तीन शब्द आमच्या मागणीपत्रावर तीन रकान्यांत असतात, इथे ते एका माणसाच्या पायांत आहेत. मला आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. मागे पत्नी आणि तान्ही मुलगी होती. कोसंबी ते झाकून ठेवत नाहीत आणि ज्ञानासाठी केलं म्हणून त्याची बढाईही मारत नाहीत. पुढे कलकत्त्याची बऱ्या पगाराची नोकरी सोडून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी देऊ केलेले महिना ५० रुपये त्यांनी पत्करले, कारण त्यात महाराष्ट्रात राहून लिहिता येणार होतं. अभ्यासिकेतल्या मुलांना मी हे पुस्तक 'प्रेरणादायी' म्हणून कधी सांगत नाही. सांगते की हा माणूस चुकीच्या गावांना पण गेला, ती पानं आधी वाच.

यातली बरीच पुस्तकं दुकानात मिळत नाहीत, हे खरं आहे. मी पुण्याला गेले की अप्पा बळवंत चौकात आणि जुन्या पुस्तकवाल्यांकडे चक्कर मारते. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या १८९३पासून चालत आलेल्या ठिकाणी विचारते. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली पुष्कळ पुस्तकं संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत, ती आम्ही छापून बांधून घेतो. महाग संच घेण्याआधी सुटा एक खंड मागवतो आणि तो समितीतल्या एकाने महिनाभर घरी नेऊन वाचायचा, असा नियम केला आहे. मार्चअखेर आली तरी तो मोडत नाही.

ते जाडजूड पुस्तक आजही आमच्याकडे आहे. मी ते काढून टाकलं नाही. दाखल नोंद रजिस्टरात त्याचा क्रमांक आहे, पण ते आता कादंबऱ्यांच्या कपाटात लावलंय.

गेल्या वर्षापासून दर गुरुवारी दुपारी मास्तर आणि मी सातारा जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर वाचतो. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला एकोणिसावा खंड, १८८५चा. इंग्रजीत आहे. मी वाचून मराठीत सांगते आणि ते लिहून घेतात. त्यात रस्ते आहेत, घाट आहेत, बाजाराची गावं आहेत. "एकतीस वर्षं या गावांची तिकिटं फाडली," ते मला सुरुवातीला म्हणाले होते, "गाव काही बघितलं नाही. स्टँड बघितला." आता त्यांची दोनशे पानी वही अर्धी भरत आली आहे. प्रत्येक पान त्यांनी पट्टीने आखलंय, वेबिलासारखं. गाव, हकीकत, आणि शेवटच्या रकान्यात: पाहिलं, ऐकलं, वाचलं.

मागच्या गुरुवारी ते कोयनेच्या भूकंपाशी अडले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत पाटण तालुक्यातल्या एका गावी त्यांची मुक्कामी गाडी असायची. तिथे एका म्हातारीने त्यांना ती रात्र सांगितली होती. ११ डिसेंबर १९६७. गॅझेटियर त्याच्या कितीतरी आधीचं, पण दुसऱ्या एका पुस्तकात वेळ दिलेली आहे, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. म्हातारी म्हणाली होती, कोंबडा आरवला नव्हता अजून, आणि गोठ्यातली जनावरं आधीच उठून उभी राहिली होती.

"वेळ पुस्तकातली घालतो," मास्तर म्हणाले. "पण जनावरांचं कुठं घालू? ते कुठल्या पुस्तकात नाही. आणि म्हातारीचं नावसुद्धा मी विचारलं नाही हो, बाई."

मी म्हटलं, जे माहीत आहे ते लिहा. त्यांनी वही पुढे ओढली आणि शेवटच्या रकान्यात, मावेना म्हणून बारीक अक्षरात, लिहिलं: ऐकलं. म्हातारी, स्टँडशेजारच्या घराच्या ओट्यावर, मुक्कामाची रात्र, १९८५ किंवा ८६.